घाटात दम टाकणारी एमजीबी: इंजिन उतरवायचं, की आधी काही तपासायचं?

घाटवाट, संभाजीनगर (11 मे, रात्री 10.20)

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी आयुष्यातली पहिली जुनी गाडी घेतली. एमजीबी रोडस्टर, 1966 ची, दोन सीटची, कापडी टपाची, गडद हिरवी. इंजिन मूळचं 1798 सीसीचं, दोन एसयू कार्बोरेटर. पुण्याजवळ एका बंगल्याच्या शेडमध्ये ती बरीच वर्षं उभी होती. मालक वारले, मुलांना ठेवायला जागा नव्हती, आणि मी लहानपणापासून अशी गाडी मनात धरून बसलो होतो. ट्रकवर चढवून आणली.

गाडीसोबत एक फाइल मिळाली. मालकांनी प्रत्येक पावती जपून ठेवली होती: 2007 ला क्लच, 2009 ला टाकी उतरवून आतून कोटिंग, 2010 ला ब्रेकचं सगळं रबर, 2011 ला रंग. त्यानंतर पावत्या संपतात.

आता दुखणं. गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. आयडलिंग छान. सिडको, क्रांती चौक, स्टेशन कुठेही फिरवा, काही तक्रार नाही. पण दौलताबादचा दिल्ली दरवाजा ओलांडून खुलताबादच्या चढाला लागलो की दोन-तीन किलोमीटरमध्ये गाडी ओढायचीच थांबते. आधी पिकअप जातो, मग कार्बोरेटरमधून फट फट, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी पंधरा-वीसच्या वर सरकत नाही. बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबलो की परत जणू काही झालंच नव्हतं. पुन्हा दोन किलोमीटर, पुन्हा तेच. तीनदा गेलो, तिन्ही वेळा असंच.

इथल्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी प्लग बदलले, कॉइल नवीन टाकली, कार्बोरेटर बाहेरून धुतले. फरक शून्य. आता म्हणतात पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, इंजिन उतरवून बोर करावं लागेल, दीड लाख धरून चाला. तेवढे पैसे मी गाडी घेतानाच संपवलेत. खरंच इंजिन गेलं असेल का?

लातूरकर अण्णा (11 मे, रात्री 11.05)

आधी अभिनंदन. माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, त्यामुळे तुमचं दुःख मला कळतं. माझं मत व्हेपर लॉक. मे महिना आहे, बेचाळीस अंश ऊन. पेट्रोलच्या नळीत वाफ धरते आणि पुढे पेट्रोल जातच नाही. थांबलं की थंड होतं, गाडी चालते. ओलं फडकं नळीवर गुंडाळून बघा. आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलो.

जुनं लोखंड, जालना (12 मे, सकाळी 7.30)

साठ वर्षांचं इंजिन आहे. रिंगा जाणारच. चढावर दम टाकते म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, नाही. आज ना उद्या उघडावंच लागेल, मग आत्ताच उघडा.

पाना पक्कड, वाळूज (12 मे, सकाळी 8.10)

घाटवाट सर, कृपा करून इंजिनला हात लावू देऊ नका. मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत आणि एका ओळखीच्यांच्या दोन एमजी गाड्यांचं काम गेली अकरा वर्षं सांभाळतोय.

जालनेकर दादा, रिंगा गेलेलं इंजिन दहा मिनिटं थांबल्याने बरं होत नाही. ते थंड असताना जास्त त्रास देतं, धूर टाकतं, ऑइल खातं. इथे गाडी विश्रांती घेतली की पूर्ण ताकदीने चालते. म्हणजे इंजिनचा दम शाबूत आहे, त्याला काहीतरी मिळत नाहीये. पेट्रोल, नाहीतर करंट.

तरी मनातली शंका काढून टाकू. कॉम्प्रेशन गेज कुठूनही आणा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची बारीक वायर सोडवून ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सात-आठ ठोके द्या. मला आकड्याइतकंच चौघांमधलं अंतर कळवा.

आणि एक गोष्ट आजच बघा. 1966 ची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहे. बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, मायनस नाही. कंपनीने निगेटिव्ह अर्थ 1967 च्या शेवटी, पुढच्या मॉडेलपासून केलं. सीटच्या मागची फळी उचला, खाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतील. कोणी मध्ये बदल केला नसेल तर प्लस बॉडीला असेल. तुमच्या मेकॅनिकने नवीन कॉइल टाकली म्हणता. आजच्या सवयीने मायनस टोक डिलकोला, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला, जोडलं असेल तर ते उलटं झालं. गाडी चालते, पण प्लगवर ठिणगी पाडायला करंटला जास्त जोर लावावा लागतो. भार आला की हे बाहेर येतं.

परभणीचा पोऱ्या (12 मे, दुपारी 1.15)

डिलकोमधले पॉइंट-कंडेन्सर (ठिणगीसाठी करंट तोडणारे जुन्या पद्धतीचे भाग) काढा आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. हजारो लोकांनी केलंय.

पाना पक्कड (12 मे, दुपारी 1.40)

भाऊ, नंतर हवं तर बसवू द्या. पण दुखणं सापडायच्या आधी नवीन वस्तू टाकली की दोन दुखणी होतात. आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला निगेटिव्हवाला संच लावला तर तो पहिल्या किल्लीला जळतो. आत्ता एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

घाटवाट (13 मे, रात्री 9.00)

सर, बरोबर पकडलंत! फळी उचलली, दोन काळ्या बॅटऱ्या, प्लसची जाड पट्टी थेट बॉडीला बोल्ट केलेली. आणि कॉइल उलटी. तुम्ही फोनवर सांगितलेली शिसपेन्सिलची युक्ती केली: वायर आणि प्लगच्या मध्ये पेन्सिलचं टोक धरलं, तर ठिणगीचा भडका वायरच्या बाजूला होता. वायरी अदलाबदल केल्यावर भडका प्लगच्या बाजूला गेला. अंधारात स्पष्ट दिसलं.

कॉम्प्रेशन (पीएसआय): 152, 155, 150, 153. इंजिन उतरवायला निघालो होतो मी! हे आकडे बघून अर्धा तास गाडीजवळच बसून राहिलो.

सकाळी घाटात गेलो. गाडी चालू करताना फरक जाणवला, आवाजही खणखणीत झाला. पण अडीच किलोमीटरवर पुन्हा तेच.

जुनं लोखंड, जालना (13 मे, रात्री 9.30)

मी चुकलो. कॉम्प्रेशन उत्तम आहे. इंजिनला हात लावू नका.

पाना पक्कड (13 मे, रात्री 10.15)

चला, इंजिन बाजूला झालं. आता डिलको. टोपण काढा. रोटर हाताने फिरवून सोडा, स्प्रिंगने तो जागेवर परत आला पाहिजे. आला नाही तर आतली वजनं गंजून अडकलीत, म्हणजे वेग वाढला तरी टायमिंग, ठिणगी पडायची वेळ, पुढे सरकत नाही. मग कार्बोरेटरकडून डिलकोकडे येणारी बारीक नळी सोडवा आणि तोंडाने ओढा. पॉइंटची प्लेट हलताना दिसली पाहिजे. दिसली नाही तर आतला पडदा फाटलाय. पॉइंटमधलं अंतर फिलर गेजने 0.35 ते 0.40 मिलिमीटर. स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद असताना लावलेलं, पिस्टन वर पोहोचायच्या 10 अंश आधी.

पान्यांचं लक्षात ठेवा, या गाडीला इंची पाने लागतात. सात सोळांश, अर्धा इंच, नऊ सोळांश. 13 चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि कडा गोल करून ठेवतो. माझा संच पाठवतो, विकत घेऊ नका.

त्यानंतर कार्बोरेटरच्या डोक्यावरची काळी झाकणं फिरवून काढा. खाली बारीक दांडा असेल, त्याला ऑइल लागलंय का सांगा.

घाटवाट (15 मे, रात्री 8.45)

रोटर परत येतो. नळी ओढली, प्लेट हलते. अंतर 0.5 होतं, 0.38 केलं. टायमिंग 10 वर आणलं.

कार्बोरेटरचे दोन्ही दांडे कोरडे ठणठणीत होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे 20 ग्रेडचं ऑइल पोकळ नळीच्या वर अर्धा इंच येईल इतकं घातलं. याने मात्र कमाल झाली! सिग्नलवरून निघताना गाडी आधी एक क्षण अडखळायची, ते गेलं. आतला पिस्टन बोटाने वर ढकलला तर आता जडपणे वर जातो आणि सोडला की खट् असा आवाज करत खाली बसतो.

पण घाट तसाच. खोटं कशाला सांगू, आज परत येताना मन खट्टू झालं. रस्त्याकडेला उभा होतो तर मागून येणारी बस हॉर्न वाजवत गेली. माझे वडील, आबा, एसटीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं. कन्नडवरून औट्रम घाट उतरून चाळीसगाव आणि परत, हीच त्यांची लाइन. ते गाडीत बसायला अजून तयार नाहीत. म्हणतात, आधी घाट चढू दे, मग बसतो.

लातूरकर अण्णा (15 मे, रात्री 9.20)

ओलं फडकं लावून बघितलं का?

घाटवाट (15 मे, रात्री 9.35)

हो अण्णा, आज लावलं होतं. नळीवर आणि पंपावर दोन्हीकडे. सकाळी सहा वाजता निघालो, हवा गार होती. तरी तिथेच बंद पडली.

लातूरकर अण्णा (15 मे, रात्री 9.50)

मग व्हेपर लॉक नाही. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला गाडी एकाच जागी थांबते म्हणजे उन्हाचा संबंध नाही. अंतराचा आहे.

पाना पक्कड (15 मे, रात्री 10.30)

अण्णा, हे वाक्य फार मोलाचं बोललात. अंतराचा, म्हणजेच किती पेट्रोल खर्च झालं त्याचा.

घाटवाट सर, आता हिशेब बघा. शहरात तुमची गाडी मिनिटाला शे-सव्वाशे मिली पेट्रोल पिते. चढावर जोर लावला की अडीचशे-तीनशे. पंप ठणठणीत असेल तर मिनिटाला लिटरभर देतो, म्हणजे गरजेच्या तिप्पट. पंप किंवा त्याच्या मागे कुठेतरी रस्ता चोंदला असेल तर शहरात कळणारच नाही. कार्बोरेटरच्या वाट्यांमध्ये साठलेलं पेट्रोल पहिले दोन किलोमीटर भागवतं आणि मग वाट्या रिकाम्या.

उद्या मोजायचं. इंजिन थंड, गाडी उघड्यावर, जवळ आग विझवायचं सिलिंडर, आसपास विडी-काडी नको. कॉइलची बारीक वायर सोडवा, नाहीतर किल्ली चालू ठेवून कॉइल तापेल. कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवून लोखंडी कॅनमध्ये धरा आणि किल्ली चालू करा. मिनिट झालं की कॅन बदला. पाच मिनिटं, प्रत्येक मिनिटाचं माप वेगळं लिहा. एकाच मिनिटाचं माप घेऊन थांबू नका, तिथेच लोक फसतात.

पंपाचा आवाज कानात ठेवा. तो मागच्या उजव्या चाकाच्या पुढे आहे. किल्ली फिरवल्यावर टक् टक् टक् वाजतो. नळी उघडी असेल तर एका लयीत वाजत राहिला पाहिजे. अचानक भराभर वाजला तर कुठून तरी हवा ओढतोय. मंद झाला, अडखळत वाजला तर त्याला ओढायला पेट्रोल मिळत नाहीये.

आणि पाच मिनिटं झाल्यावर टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे.

घाटवाट (16 मे, रात्री 10.10)

सविस्तर लिहितो, कारण आज जे झालं ते विसरायचं नाही.

अंगणात सगळी तयारी केली. आबा खुर्ची टाकून बाजूला बसले. त्यांना काही सांगितलं नव्हतं, हातात घड्याळ तेवढं दिलं. किल्ली फिरवली. पंप टक् टक् सुरू झाला, नळीतून जाड धार.

पहिलं मिनिट: 900 मिली. दुसरं: 720. तिसऱ्या मिनिटाला धार बारीक झाली. मी कॅनकडे बघत होतो. आबा घड्याळाकडे न बघता म्हणाले, "दमायलाय बघ तो." मी म्हटलं कोण? "मागं वाजतंय ते. आधी घोड्यावानी चाललं होतं, आता चढावरच्या बैलावानी पाय टाकायलंय." मला आवाजात फरक कळलाच नव्हता. कान देऊन ऐकलं तर खरंच, टक्... टक्... मध्ये थांबून थांबून.

तिसरं: 350. चौथं: 190. पाचवं: 140.

झाकण उघडलं, फुस्स नाही. झाकण उघडं ठेवून पुन्हा मोजलं, तेवढंच. मग किल्ली बंद करून पंधरा मिनिटं थांबलो आणि परत मोजलं: पहिलं मिनिट 870, आणि पुन्हा उतरती.

घाटात जे व्हायचं ते अंगणात डोळ्यासमोर झालं.

पाना पक्कड (16 मे, रात्री 10.40)

आबांना माझा नमस्कार सांगा. स्टेथोस्कोप लावून जे कळायचं ते त्यांना खुर्चीत बसून कळलं.

पंप चांगला आहे, 900 मिली दिलं त्याने. थकलेला पंप पहिल्या मिनिटालाही कमी देतो. चोंदलंय ते पंपाच्या मागे. आणि चोंदणारी वस्तू सैल आहे, ओढ लागली की तोंडाशी येऊन चिकटते, ओढ थांबली की खाली पडते. साधा गंज किंवा घट्ट बसलेला गाळ असता तर पंधरा मिनिटांनी 870 मिळालं नसतं.

आता तुमची पहिली पोस्ट परत वाचली. 2009 ला टाकी आतून कोटिंग. मी पहिल्या दिवशी या ओळीवरून नजर फिरवून पुढे गेलो, थांबायला हवं होतं. टाकी उतरवा.

रेवा, नांदेड (17 मे, सकाळी 9.15)

मी रसायनशास्त्र शिकवते, गाड्यांतलं मला फार कळत नाही, पण हा धागा पहिल्यापासून वाचतेय. कोटिंगबद्दल थोडं सांगते.

2009 मध्ये पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल फारच थोडं असायचं. आता 20 टक्के असतं. इथेनॉल हे अल्कोहोल आहे, आणि ते बऱ्याच जुन्या रेझिनना मऊ करतं. टाकीच्या आतलं कोटिंग त्या काळच्या पेट्रोलला टिकणारं असलं तरी आजच्या मिश्रणात ते फुगतं, मऊ होतं आणि पत्र्यावरून सुटतं. गाडी बारा-चौदा वर्षं उभी असताना टाकी जवळजवळ कोरडी असेल. तुम्ही आणल्यावर पहिल्यांदाच नवं पेट्रोल भरलं गेलं. तीन आठवडे हा वेळ पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाला वेगळा थर धरतात आणि वर इथेनॉल कमी असलेलं पेट्रोल उरतं. उपसा तळातून होतो, म्हणून इंजिनला नेमकं ते पाणीदार मिश्रण मिळतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

आणि तिसरी, कार्बोरेटरच्या लोकांसाठी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे 9. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. तुमच्या कार्बोरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी.

मांजराकाठ (17 मे, सकाळी 11.00)

ताई, माहिती चांगली दिली. पण इथेनॉल वाईट असा सूर लावू नका ही विनंती. मी ऊस लावतो. कारखान्यांनी इथेनॉल सुरू केल्यापासून आमचं बिल बरंच वेळेवर यायलंय. साखरेचा भाव पडला की आधी आमचंच बिल अडकायचं.

रेवा, नांदेड (17 मे, सकाळी 11.40)

दादा, माझा तसा हेतू नव्हता. माझं माहेर लातूरचं आहे. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी कळशी घेऊन रांगेत होते, त्यामुळे उसाचा आणि पाण्याचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. मी एवढंच म्हणते की जुन्या टाकीला नवं पेट्रोल सोसत नाही, तर टाकी आणि रबर बदलून घ्यावं.

मांजराकाठ (17 मे, दुपारी 12.05)

मग आपलं एकमत आहे. घाटवाट भाऊ, टाकी उघडल्यावर फोटो टाका.

घाटवाट (19 मे, संध्याकाळी 7.30)

टाकी उतरली. डिकीखालचे नट पाना पक्कड सरांच्या नऊ सोळांशने सुटले. पेट्रोल स्वच्छ कॅनमध्ये काढलं, शेवटचा लिटर गढूळ, तपकिरी. गेजचं कडं काढून आत टॉर्च मारली.

जुन्या वाड्याच्या भिंतीवरून चुन्याचे पोपडे सुटावेत तसं आतलं कोटिंग सुटलेलं. मलईच्या रंगाचे पापुद्रे, काही नखाएवढे, काही माझ्या तळहाताएवढे. बोटात धरला तर पापुद्रा चामड्यासारखा लवचिक, दाबला की ओलसर. एक मोठा तुकडा उपसा नळीच्या तोंडापाशीच लोंबत होता, एका कडेने अजून पत्र्याला धरून. दारासारखा. पेट्रोलची ओढ लागली की दार बंद, थांबली की उघडं. बघूनच सगळं उमगलं.

पंपाच्या आधीची रबरी नळीही कापून बघितली. बाहेरून नवीकोरी. आतून फुगून भोक अर्धं झालेलं.

जुनं लोखंड, जालना (19 मे, रात्री 8.00)

आता काम माझ्या गल्लीतलं आहे, सांगतो. टाकीवर कोणालाही गॅस कटर किंवा वेल्डिंग लावू देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, आत पेट्रोलची वाफ असते. माझ्या डोळ्यांसमोर एक टाकी फुटली आहे, त्या पोराचा हात अजून नीट चालत नाही. आधी रंग काढायचं केमिकल आत फिरवा, पापुद्रे काढा, मग ॲसिटोनने दोनदा विसळा, उघड्या हवेत, हातमोजे घालून. मग मूठभर स्वच्छ नट टाकून हलवा. पत्रा चांगला निघाला तर परत कोटिंग करू नका, तशीच ठेवा आणि भरलेली ठेवा. भोकं दिसली तर इकडे पाठवा, नवा पत्रा वाकवून टाकी बनवून देतो. मजुरी घेणार नाही, पहिल्या दिवशी चुकीचा सल्ला दिला होता.

पाना पक्कड (19 मे, रात्री 8.25)

जालनेकर दादांचा शब्द न शब्द पाळा. नळी घेताना तिच्यावर एसएई जे30 आर9 छापलेलं बघून घ्या, ती इथेनॉलला टिकते. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीत, पंपाच्या पुढे, एक फिल्टर टाका, म्हणजे राहिलेला कण वाटीत जाणार नाही. कार्बोरेटरच्या वाट्या उघडून तळ पुसा, तिथे नक्की काहीतरी बसलं असेल.

मग मिश्रण. रेवाताईंनी सांगितलेल्या कारणाने ते पातळ असणार. जेटखालचा षटकोनी नट पूर्ण वर नेऊन जेट पुलाच्या (कार्बोरेटरच्या तोंडातला सपाट उंचवटा) पातळीत आणा, मग दोन पूर्ण फेरे खाली. ही सुरुवात. इंजिन गरम झाल्यावर बाजूची, आतला पिस्टन उचलणारी छोटी पिन अगदी थोडी वर दाबा, मिलिमीटरभरही नाही. इंजिन बंद पडायला लागलं तर मिश्रण पातळ, नट षटकोनाच्या एका कोनाइतका फिरवून खाली. आवाज चढला आणि चढलेलाच राहिला तर जाड, नट वर. क्षणभर चढून परत जागेवर आला तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटरना सारखंच.

घाटवाट (26 मे, रात्री 9.50)

पत्रा चांगला निघाला. जालनेकर दादांना फोटो पाठवले, ते म्हणाले एकही भोक नाही, तशीच बसवा. पापुद्रे काढायला तीन दिवस गेले, भरले दीड किलो. नळ्या नव्या. वाट्यांच्या तळाला पिवळट साय बसली होती, पुसली. नट आधी दोन फेऱ्यांवर, मग प्रत्येक कार्बोरेटरला आणखी दोन कोन खाली करावे लागले, तेव्हा पिनची परीक्षा पास झाली.

अंगणात पुन्हा मोजलं. आबा खुर्चीत. 1020, 1010, 1020, 1000, 1010. पंप पाचही मिनिटं एका लयीत. आबा उठले आणि काही न बोलता चप्पल घालून गाडीत जाऊन बसले.

पहाटे निघालो. दिल्ली दरवाजातून तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडलो. नेहमीची जागा आली, एक वाकडं कडुलिंबाचं झाड आहे तिथे. मी श्वास धरून होतो. गाडी झाडापाशी आली, गेली, पुढचं वळण आलं, तेही गेलं. आबांचा हात डॅशबोर्डवर सपाट ठेवलेला होता, एसटीत ठेवायचे तसा. वर पोहोचल्यावर म्हणाले, "चौथा टाक आता, उगं कशाला ओरडवायलास तिला."

खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं, चहा घेतला, वेरूळपर्यंत जाऊन आलो. परतीच्या चढालाही कुठे अडखळली नाही. अण्णा, रेवाताई, जालनेकर दादा, मांजराकाठ, आणि पाना पक्कड सर, तुमचे उपकार मी फेडू शकत नाही. दीड लाखांचं काम नळ्या, केमिकल आणि फिल्टर मिळून चार हजारांत झालं.

एक नवीन गोष्ट. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून बारीक फट फट येते. चढावर अजिबात नाही.

लातूरकर अण्णा (26 मे, रात्री 10.05)

आबा बसले! आज झोप चांगली लागेल.

पाना पक्कड (26 मे, रात्री 10.30)

वाचून डोळे भरून आले सर.

फट फटचं घाबरू नका. बहुतेक मॅनिफोल्ड (इंजिनमधला धूर बाहेर काढणारा भाग) आणि सायलेन्सरच्या पाइपचा सांधा बाहेरची हवा ओढतोय. थंड इंजिनवर सेल्फ मारा, चालू झाल्या झाल्या सांध्याजवळ हाताचा पंजा धरा, स्पर्श न करता. फुंकर लागली तर नट सैल आहेत. पितळी नट असतात, जोर लावू नका, तुटले तर त्यांचे स्टड काढण्यात दिवस जातो. नाहीतर रविवारपर्यंत थांबा, मी येतोच आहे. माझा नऊ सोळांशचा पाना तुमच्याकडे राहिलाय.